यशवंतआप्पांचा हलका डेस्कटॉप

मागच्या उन्हाळ्यात यशवंतआप्पांनी आपल्या कॉम्प्युटरचा माऊस काढला आणि घंटागाडीत टाकला. गाडीवाल्याने विचारले, "आप्पा, बिघडना का?"

"नही रे भो. जड व्हयना व्हता."

आप्पा नंदुरबारला आमच्या शेजारी राहतात. साखर कारखान्याच्या ऑफिसातून निवृत्त झाल्यावर त्यांनी एका बंद पडलेल्या सायबर कॅफेतले दोन जुने कॉम्प्युटर घेतले. एक स्वतःला, एक बायकोला, म्हणजे बेबीकाकूंना. दोन्हींवर लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली चढवली. तेव्हापासून आप्पांचा एकच उद्योग, आपल्या कॉम्प्युटरचे वजन उतरवणे. एक डेस्कटॉप, म्हणजे पडद्यावरची मांडणी, काढायचा, त्याहून हलका बसवायचा. आधी पडद्यावरचे चित्र गेले, मग चिन्हे, शेवटी खिडक्याही. उरली काळ्या पडद्यावरची पांढरी अक्षरे. गाणे लावायचे तरी आज्ञा टाइप करायची. माझा लॅपटॉप पाहून ते म्हणाले, "इतल्या खिडक्या कसाले? चार मानसंना जेवणले इतला मोठा मांडव?"

काकूंच्या कॉम्प्युटरला मात्र ते हात लावत नसत. काकूंची स्मृती जात चालली होती. नातवंडांची नावे गेली, गल्ली गेली. तरी रोज दुपारी त्या पडद्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यातले बटण दाबून पत्त्यांचा डाव मांडत.

श्रावणात तो कॉम्प्युटर डाव अर्धा असतानाच अडकू लागला. आप्पांनी त्यावर हलका डेस्कटॉप बसवला. बटण वर गेले, मागच्या चित्रातली हिरवी टेकडी गेली. काकूंनी पडदा पाहिला आणि पिशवी उचलली. "हाई मन्हं घर नही. माले घर जावानं शे." आप्पांनी त्यांना स्टेशनच्या रस्त्यावरून परत आणले. दुसऱ्या दिवशीही त्या निघाल्या.

आप्पा जुने रूप परत आणायला बसले. टेकडी आली, बटण खाली आले. काकू पडदा पाहत आणि पिशवी उचलत. खालची पट्टी जास्त निळी झाली होती. आप्पांनी तीही बदलली, मग पत्त्यांची पाठ.

मी म्हणालो, "आप्पा, जड होईल."

"व्हऊ दे. तिले घर दिसाले जोयजे."

त्या रविवारी दुपारी काकू पडद्यासमोर बसल्या. बटण दाबले, पत्ते मांडले. पिशवी खुंटीवरच राहिली. आप्पा आणि मी मागे उभे होतो. डाव लागल्यावर काकूंनी वळून आप्पांकडे पाहिले.

"उभा का ऱ्हायनात, भाऊ? बसा. मन्हा घरना मालक आते येतीन."

आप्पांनी खुर्ची ओढली आणि बसले.