तेलाचा दिवाण

जगात काय महाग होणार, हे पांढरकवड्यात सगळ्यात आधी कोणाला कळतं? मारोतराव मुनेश्वरांना! निदान मारोतरावांचं तरी तसं ठाम मत होतं. दिवसा जिनिंगवर कापसाच्या गाड्या तोलायच्या आणि संध्याकाळी टीव्हीपुढं बसून जगाचा कारभार पाहायचा, हा त्यांचा नेम.

त्या संध्याकाळी बातमी आली की परदेशातून येणाऱ्या खाद्यतेलावरचं शुल्क सरकार वाढवणार आहे. मारोतराव ताडकन उठले.

"सत्यशीला! तेल महाग होईन! आता पाह्य तू, मी काय करतो ते!"

"पह्यले हातपाय धुवा," आतून बायकोचा आवाज आला.

पण मारोतराव आता कशाचे थांबतात! उर्वशीच्या लग्नासाठी बाजूला ठेवलेल्या पैशाचे त्यांनी दोन वाटे केले. एका वाट्याचे सोयाबीन तेलाचे बारा पिपे, म्हणजे पत्र्याचे मोठे डबे, आणले, ते उघड, ऑटोत घालून. दुसऱ्या वाट्याचे एका तेल कंपनीचे शेअर घेतले, ते मोबाईलवर, बायकोला चोरून. हिशेब सरळ होता. बाहेरचं तेल महागलं की इथल्या कंपनीची चांदी आणि घरातल्या पिप्यांचं सोनं!

आता एक गोष्ट सांगायलाच हवी. राळेगावचे नगराळे गुरुजी नुकतेच आपल्या मुलासाठी, अश्वजितसाठी, उर्वशीला पाहून गेले होते. "आठवडाभरात निरोप देतो," असं म्हणून गेले होते. पोरगा गुणाचा, माणसं मोकळी. उर्वशी वरून काही बोलत नव्हती, पण फोन वाजला की हातातला झाडू टाकून धावत होती. सगळ्या घराचा जीव त्या निरोपात अडकला होता.

आणि शुल्क खरंच वाढलं! दुकानात तेल भडकलं. बायामाणसं दुकानदाराशी भांडू लागली, आणि मारोतराव छाती काढून हिंडू लागले. पण घरात सक्त ताकीद होती की पिपा फोडायचा नाही! "अजून चढू दे भाव!" बारा पिपे घरात, आणि वांग्याच्या भाजीत तेल औषधाला नाही!

शेअर मात्र चढेनात. उलट घसरले. दुसऱ्या दिवशी आणखी घसरले. मारोतराव संडासात मोबाईल घेऊन बसू लागले आणि बाहेर येताना तोंड असं, की सत्यशीलाबाईंनी दोनदा ओव्याचं पाणी दिलं. शेवटी त्यांनी बी.कॉम. झालेल्या लेकीला हळूच विचारलं.

"काहून वं, बाहेरच्या तेलावर टॅक्स वाढला, त आपल्या कंपन्या वर जायले पायजेत ना?"

"कोणती कंपनी?" त्यांनी नाव सांगितलं, तशी ती हसायला लागली. "बाबा, ते त कच्चं तेल बाहेरूनच आणते! टॅक्स तिलेच भरा लागते. कोणं घेतले हे शेअर?"

"आहे एक येडा, जिनिंगवरचा," मारोतराव म्हणाले आणि पुन्हा संडासात गेले.

इकडं पिप्यांनी वेगळंच कांड केलं. ऑटोतून ते उतरताना शेजारच्या वच्छलाबाईंनी पाहिले होते. एका घरात एवढं तेल कधी येतं? लग्नाच्या पंगतीला! दुसरं कारण या भागात आजवर कोणी ऐकलेलं नाही. त्यात मुनेश्वरांचं घर बौद्धांचं, म्हणजे मुहूर्ताची भानगड नाही. तेल आलं म्हणजे लग्न येत्या रविवारीसुद्धा! वच्छलाबाईंनी ही खबर नळावर सोडली. नळावरून ती बसस्टँडवर गेली आणि तिथून एसटीत बसून थेट राळेगावला उतरली.

गुरुजींचा फोन आला. "जय भीम, मारोतराव. अभिनंदन."

"जय भीम, गुरुजी! अभिनंदन कायचं?"

"पोरीचं लग्न जमलं म्हणते. तेलही भरलं म्हणते. आमचा निरोप यायचा होता अजून, पण असू द्या."

मारोतराव फोनातच ओरडले. "नाही हो गुरुजी! कुठंच जमलं नाही! अन् तेल... तेल त घरात नाहीच!"

"नाही? मग आम्ही येऊनच जातो. समोरासमोर बोलू. दुपारच्या गाडीनं निघून राह्यलो."

फोन ठेवल्यावर मारोतरावांना कळलं की आपण काय बोलून बसलो! आता बारा पिपे न्यायचे कुठं? बाहेर काढावे तर ओट्यावर वच्छलाबाई तांदूळ निवडत बसलेल्या, तेच तांदूळ सकाळपासून! अखेर त्यांनी बैठकीत पिपे ओळीनं मांडले, वर फळ्या टाकल्या, गादी घातली, फुलांची चादर अंथरली. झाला दिवाण!

"अवो, काय करून राह्यले तुम्ही?" सत्यशीलाबाईंनी कपाळावर हात मारला. "पोरीचं जमलेलं मोडसान!"

पाहुणे आले. मारोतरावांनी खुर्च्या पुढं केल्या.

"नाही, मले कमरेचा त्रास आहे," गुरुजी म्हणाले आणि पांढऱ्याशुभ्र पायजम्यानिशी दिवाणावर बसले. शेजारी त्यांच्या पत्नी बसल्या. त्याही काही हलक्या नव्हत्या. खाली कुठंतरी कट्ट वाजलं.

"मांजर!" मारोतराव ओरडले.

उर्वशीनं पोहे आणले. गुरुजींनी बोलायला सुरुवात केली, पण मारोतरावांना एक अक्षर ऐकू येत नव्हतं. चादरीच्या खालून एक पिवळी धार निघाली होती. ती सावकाश गुरुजींच्या पायापर्यंत आली. मारोतराव देवासारखे हसत तिच्यावर पाय ठेवून उभे राहिले. धार दुसरीकडून निघाली. तेवढ्यात फळी एका बाजूला खचली, गुरुजी पोह्यांच्या बशीसकट खाली घसरले आणि थेट तेलात बसले!

उर्वशीच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाहिलं मात्र, आणि मारोतरावांना राहवलं नाही. त्यांनी हात जोडले आणि सगळं ओकून टाकलं. टीव्ही, शुल्क, पिपे, शेअर, सगळं!

"शेअर? कोणते शेअर?" सत्यशीलाबाई किंचाळल्या.

"म्हणजे पोरीचं दुसरीकडं जमलं नाही?" गुरुजींनी तेलातूनच विचारलं.

"शप्पथ नाही, गुरुजी!"

"मग आमचा होकार होताच की! तोच सांगाले आलो." गुरुजी कसेबसे उठले. "पण एक अट आहे."

मारोतरावांनी पुन्हा हात जोडले. आता काय मागतात बाप्पा!

"लग्न होईपर्यंत तुम्ही बातम्या पाह्यच्या नाही. मोबाईलवरही नाही!"

त्यांचं वाक्य संपायच्या आत सत्यशीलाबाईंनी रिमोट कमरेला खोचला.

मारोतरावांनी ती अट इमानदारीनं पाळली. त्यामुळं लग्नाच्या आधी सरकारनं शुल्क पुन्हा उतरवलं, दुकानात तेल त्यांच्या पिप्यांपेक्षा स्वस्त झालं, हे साऱ्या पांढरकवड्याला ठाऊक होतं, फक्त एका माणसाला नव्हतं! नवा शर्ट घालून तो माणूस पंगतीत फिरत होता, पुऱ्यांचा आग्रह करत होता. "खा, पोटभर खा! बाहेर तेलाले हात लावता येत नाही! मारोती होता म्हणून आज पुऱ्या!"

लोक माना खाली घालून जेवत होते. कोणी म्हणजे कोणी त्यांना काही सांगितलं नाही. वच्छलाबाईंचे तर ओठ शिवशिवत होते. पण नवरीच्या वेषातल्या उर्वशीनं लांबूनच त्यांना हात जोडले, तशी त्यांनी एक अख्खी पुरी तोंडात कोंबली.

"घ्या, आणखी घ्या, वच्छलाबाई!" मारोतराव म्हणाले. "पाह्यलं ना? आधी कोणाले समजते?"

"तुमालेच, मारोतभाऊ," त्या भरल्या तोंडानं म्हणाल्या.