उकंडरावांचं टपाल

उकंडरावांना अक्षरओळख नव्हती, पण चिठ्ठी वाचता येत होती. बंद लिफाफा तळहातावर घ्यायचे, वांगं तोलावं तसा दोनदा खालीवर करायचे आणि निकाल द्यायचे, "हलकी हाये. खुशाली लिवली पोट्ट्यानं." किंवा मान हलवून, "जड हाये बापा." हलकी चिठ्ठी ते बाजाराला भाजी नेताना टपालपेटीत टाकत. जड चिठ्ठीचं काय करत, ते मला पुष्कळ उशिरा कळलं.

अमरावतीच्या कॉलेजामागं त्यांचा भाजीचा मळा होता. मळ्यात विहिरीजवळ टिनाची एक लांब खोली, आणि त्या खोलीत आम्ही चौघं, कॉलेजच्या पहिल्या वर्षाचे. चौघांच्याही घरातून कॉलेजची पायरी आजवर कोणी चढलं नव्हतं. मी बाळापूरकडचा. भाडं नाही, दोन्ही वेळची भाकर-भाजी फुकट. अट एकच, पहिलं वर्ष पुरं झाल्याशिवाय खोली सोडायची नाही.

मी तेव्हा खिशात पत्रकं कोंबून हिंडत असे आणि 'फुकट' या शब्दाची मला मनस्वी चीड होती. पहिल्याच दिवशी त्यांना पत्रकाच्या भाषेत सुनावलं, "काकाजी, शिक्षण हा आमचा हक्क आहे. आम्ही कोणाची खैरात घेणार नाही."

त्यांनी माझ्या ताटात दुसरी भाकर टाकली. "हक्काचीच हाये. गरम हाये तंवर खाऊन घे."

माझं ते मत आजही तसंच आहे. भाकरी मात्र मी वर्षभर खाल्ली.

दर रविवारी आमची कॉलेजची तालीम चाले. भाजीच्या टोपल्या पालथ्या घातल्या की झाली बाकं, आणि हातात कापसाच्या पऱ्हाटीची काडी घेतली की उकंडराव प्रोफेसर. ते हजेरी घेत. कोणी 'यस सर' पुटपुटलं की त्याला फाटकाबाहेर जाऊन पुन्हा यावं लागे. "वावरातून डुक्कर हाकलतं तवा असाच आवाज काढतं काय बे?" कॉलेजात जे कोणी शिकवत नाही ते उकंडराव शिकवत. दारातून मान वर ठेवून आत जाणं, पहिल्या बाकावर बसणं, समजलं नाही तर उभं राहून तसं सांगणं. "ज्याचा बाप शिकला त्याले हे घरीच भेटते," ते म्हणत, "तुमाले मी देतो." ते स्वतः कॉलेजच्या फाटकाच्या आत कधी गेले नव्हते.

खुंटीवर चौघांत मिळून एक काळा कोट होता. प्रिन्सिपॉलसाहेबांकडं ज्याचं काम असेल त्यानं तो घालायचा. मी तत्त्व म्हणून घातला नाही. शिवाय तो मला काखेत आवळत होता.

एवढी तालीम होऊनही व्हायचं ते झालं. पावसाळा सरता सरता एका तासाला प्रोफेसरांनी मला उभं केलं. उत्तर येत होतं. पण इंग्रजी जुळवता जुळवता घाबरलो आणि तोंडातून निघालं, "मले मालूम हाये, पन..." अख्खा वर्ग हसला. प्रोफेसरही हसले. समतेची सगळी पत्रकं खिशात होती. एकही उपयोगी पडलं नाही.

त्याच दुपारी मी बाबांना लिहिलं, 'मला न्यायला या.' लिफाफा उकंडरावांच्या हाती देताना सहज विचारल्यासारखं विचारलं, "कवा पोचन, काकाजी?"

त्यांनी तो तोलला आणि फेट्यात खोचला.

दुसऱ्या दिवसापासून मी कॉलेज सोडलं आणि ट्रंक बांधून बापाची वाट पाहू लागलो. उकंडरावांनी 'काहून जात नाईस' म्हणून एकदाही विचारलं नाही. मिरच्या तोडायला तेवढं लावलं. आठ दिवस गेले, बाप येईना. नवव्या दिवशी सकाळी वाफ्यातच त्यांना गाठलं.

"चिठ्ठी टाकली होती ना?"

"नाई."

मी पेटलो. दुसऱ्याची चिठ्ठी अडवणं हा गुन्हा आहे, जुलूम आहे, इंग्रज सरकार आणि तुमच्यात फरक काय, असं बरंच बोललो. ते मिरच्या तोडत राहिले. माझा दम संपल्यावर त्यांनी फेट्यातून लिफाफा काढला. घामानं मऊ पडला होता, पण फोडलेला नव्हता.

"घे. टाकाची असन तं सोता टाक. जड चिठ्ठी मी आठ रोज ठेवतो, मंग इचारतो, टाकू काय? आजलोक कोनी हो म्हनलं नाई."

"पन जड हाये हे तुमाले कसं समजते?"

"खुशालीची चिठ्ठी पोट्टं देते न् पळते. 'न्याले या' लिवते थे पोट्टं इचारते, कवा पोचन."

त्यांनी टोपली खाली ठेवली.

"माह्या सुदामची अशीच चिठ्ठी आलती, नागपुराहून. थ्याचंबी कालेजचं पैलंच वरीस. शेजारच्या मास्तरनं वाचून दाखोली न् मी तसाच निंगालो. बडनेऱ्याले गाडी धरली, दुसऱ्या रोजी पोराले घरी आनलं. लय बरं वाटलं मले. बाप म्हनून धावलो ना. पोरगं धामनगावले जिनिंग फ्याक्टरीत हाये आता. कापसाच्या गाठीवर नंबर टाकते. दिवाईले येते. बोलत नाई असं नाई. पीकपानी इचारते."

मी त्यांची टोपली उचलून पुढच्या झाडाच्या मिरच्या तोडायला लागलो.

"तू शिकेल मानूस," ते म्हणाले. "तुह्या कालेजात पैल्या वर्षाले बत्तीस वर्साचा गडी घेतात काय? दोन लेकरं हायेत त्याले."

मला माहीत नव्हतं, आणि माहीत नाही असं मी सांगितलं. अकराचा तास अजून मिळण्यासारखा होता.

"आजच हापिसात इचारून येतो, काकाजी."

मी हात धुऊन फाटकापर्यंत पोचलो तेव्हा त्यांनी मागून हाक मारली.

"सुदामचं नाव नोको सांगजो. त्याले मी इचारलं नाई अजून."