मोरपीस कुटणारे आबा

आमचे घरमालक आबा खांबेटे मोरपीस खलात घालून कुटत असत.

हे मी कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला, "औषधाला का?" मोरपिसाची राख उचकीवर देतात हे मलाही ठाऊक आहे. पण आबांची प्रकृती ठणठणीत होती. ते मोरपीस कुटत ते समोरच्याला वादात हरवण्यासाठी.

मी महाडच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर म्हणून आलो तेव्हा खोली शोधत त्यांच्या ओटीवर जाऊन उभा राहिलो. आबा वकील. पन्नाशी उलटलेली, धोतरावर कोर्टाचा काळा कोट, हातात पितळी अडकित्ता. "काय शिकवता?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "चित्रकला." "म्हणजे रंगांचा धंदा. बसा." भाड्याचं बोलणं राहिलं बाजूला. त्यांनी कोनाड्यातून एक मोरपीस काढलं, त्याचा डोळा अडकित्त्याने बारीक कातरला, काळ्या दगडी खलात टाकला आणि बत्त्याने घोटायला लागले. घामाघूम झाले तरी थांबेनात. शेवटी चिमूटभर भुकटी त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली. मळकट तपकिरी होती.

"साक्षीदार फुटला!" आबा केवढ्यांदा तरी ओरडले. "कुठे आहे तुमचा निळा? कुठे गेला हिरवा? हळद कुटा, पिवळीच राहील. हिंगूळ कुटा, तांबडाच राहील. त्याला म्हणतात रंग. हे नुसतं उन्हाचं नाटक! रंग नव्हे हो मास्तर, रंग नव्हे!"

मी मान डोलावली. मला खोली हवी होती.

खल आत गेला. थोड्या वेळाने दाराआडून एक हात पुढे आला आणि धुतलेला खल उंबऱ्याशी ठेवून मागे गेला. हातात बांगडी नव्हती. माणूस काही मला दिसलं नाही.

पुढे कळलं की अख्खं गाव त्यांना 'रंगनव्हे वकील' म्हणतं. ज्या वस्तूचा रंग इकडून एक आणि तिकडून दुसरा दिसतो, ती वस्तू म्हणजे आबांच्या लेखी सराईत आरोपी. पारव्याचा गळा, माशीची पाठ, सोनकिड्याचे पंख, शिंपलीचं पोट, सगळ्यांवर त्यांचा खटला चालू असे. जिवंत जनावराला मात्र त्यांनी कधी हात लावला नाही. गळून पडलेलं पीस, मेलेला किडा, एवढंच चाले. शिंपली कुटली तर पांढरीफेक भुकटी निघे आणि त्या दिवशी आबा दोन घास जास्त जेवत.

एकदा आठवडी बाजारात, भर गर्दीत, आबा छत्री डोक्यावर धरून एका डबक्याशी उकिडवे बसले. डबक्यात कुणाचंसं घासलेट सांडलं होतं आणि पाण्यावर जांभळे-हिरवे पट्टे फिरत होते. वकीलसाहेब चिखलात बसले म्हणजे काहीतरी मोलाचं पडलं असणार, असं समजून चार माणसं शोधायला वाकली. त्यांना बघून आणखी दहा वाकली. एक म्हातारी तर डबक्यात हात घालून चाचपायला लागली, तसे ते पट्टे मोडले आणि आबा तिच्यावर खेकसले, "पुराव्याला हात लावू नका!"

लग्नाकार्यात त्यांना बोलावायची सोय राहिली नव्हती. एका मांडवात त्यांनी नवरीच्या धूपछाव शालूचे दोन धागे उसवून व्याह्यांना दाखवले. एक तांबडा, एक हिरवा. "बघा, इथे सरळ दोन रंग आहेत. ही निव्वळ लबाडी. मोराची गोष्ट वेगळी, मोराकडे रंगच नाही!" नवरीची आई रडायला लागली. कोर्टातही तेच. चोरीच्या खटल्यात साक्षीदार म्हणाला की लुगडं मोरपंखी होतं. आबांनी चोरी सोडली आणि मोरपंखी हा रंग होतो का यावर उलटतपासणी सुरू केली. मुन्सफांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. अशील खटला हरला, आणि आबा पायऱ्या उतरताना मला म्हणतात, "साक्षीदाराने शेवटी कबूल केलं हो, की त्याला नक्की सांगता येत नाही!"

हसून घेतलं मी पहिले काही महिने. मग पावसाळा आला. महाडचा पावसाळा ज्याने काढलाय त्याला सांगायला नको. सावित्री चढते, आळीत पाणी येतं, भिंतींना ओल धरते, घरोघर हिवताप. शाळा बंद, कोर्टात तारखा पुढे ढकललेल्या. त्या दिवसांत मी माडीवरून खाली येऊन आबांच्या ओटीवर बसायला लागलो, आणि त्या घरात काय चाललंय ते मला दिसायला लागलं.

घरात तिघं. आबा, त्यांची थोरली बहीण अक्का आणि मुलगी दुर्गा. आबांची बायको केव्हाच वारली होती. अक्का बालविधवा. आईमागे आबांना तिने वाढवलं, म्हणून कोर्टात गर्जणारा हा माणूस माजघरात तिच्यासमोर तोंड उघडत नसे. दुर्गाचं लग्न बाराव्या वर्षी झालं आणि तेराव्या वर्षी ती विधवा होऊन परत आली. केस गेलेले, अंगावर विधवेचं तांबडं आलवण. मी आलो तेव्हा ती विशीत होती. दिवसभर ती मागच्या बाजूला राबत असे, ओटीवर यायची तिला मुभा नव्हती.

एका दुपारी मी वैतागून विचारलंच. "आबा, हे कुटणं कशासाठी? काय मिळतं तुम्हाला?"

आबांनी आत वळून पाहिलं. अक्का देवघरात होती. मग ते इतक्या हळू बोलले की पागोळ्यांच्या आवाजात मला पुढे सरकावं लागलं.

"दुर्गाला परत आणली, त्याच दिवशी अक्काने तिची पेटी रिकामी केली. बांगड्या, फिती, मणी, चित्रं, सगळं. म्हणाली, रंगाचं काही पोरीच्या हाताला लागायचं नाही. रंगाने मन वर येतं, आणि ते परत खाली बसवताना फार त्रास होतो, मला ठाऊक आहे. मास्तर, पोर रंगवेडी हो. फुलपाखरामागे धावत नदीपर्यंत जायची. मी काय बोलणार? शास्त्रापुढे माझी वकिली चालत नाही. मग एकदा अंगणात पडलेलं मोरपीस हातात आलं, आणि सहज कुस्करलं. म्हटलं, अरे, ह्यात तर रंगच नाही! आणि जिथे रंगच नाही तिथे रंगाची बंदी कशी लागू होणार?"

त्यांचे डोळे चमकत होते. मला, खरं सांगतो, रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. उठावं, आत जावं आणि 'माझ्या मुलीला हवं ते मिळेल' असं अक्काला सांगावं, एवढंच आबांना करायचं होतं. ते यांना जमत नव्हतं, म्हणून हे इतकी वर्षं कायद्यातली फट शोधत बसले होते.

"अक्का काय म्हणतात?" मी विचारलं.

"ती म्हणते, शास्त्रीबुवांनी देवळात बसून निकाल दिला तर मी आड येणार नाही. आता फक्त मुद्देमाल हवा. पीस नको, किडा तर नकोच, तो ओवळा ठरवतील. काहीतरी सोवळं हवं."

तो मुद्देमाल पोलादपुराकडून आला. कुडपणचा धोंडू हा आबांचा जुना अशील. बांधाच्या तंट्यासाठी डोंगर उतरून यायचा आणि येताना आबांसाठी पिसं, मेलेले किडे पानात बांधून आणायचा. त्या खेपेला त्याने कमरेच्या फडक्यातून सुपारीएवढी एक गार, गारगोटीच म्हणा, काढली. दुधासारखी पांढरी. पण बोटांत फिरवली की तिच्या आत हिरवी ठिणगी पेटायची, ती विझते न विझते तोच तांबडी, मग निळी. मी रंगांत हात घातलेला माणूस, पण तसं काही मी कधी पाहिलं नव्हतं.

"नाचनीचा वाफा खनताना गावली," धोंडू म्हणाला. "पन आबानू, ही कुटू नका हां. येकच हाय. मी समदा वाफा उकरला, दुसरी नाय गावली."

"कुटतो कशाला?" आबा म्हणाले. ते गार खाली ठेवायलाच तयार नव्हते. दुर्गाच्या हातात एकच वस्तू चालत असे, तुळशीची जपमाळ. त्या माळेचा मेरुमणी म्हणून ही गार बसवायची, हे त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं. अक्काने गार लांबूनच पाहिली आणि म्हणाली, "रंग आहे."

झालं. सुनावणी देवळाच्या सभामंडपात. पाऊस उघडलेला, त्यामुळे करमणुकीला निम्मी आळी जमली. शास्त्रीबुवा भला माणूस, तपकीर ओढत सगळं ऐकून घेत होते. आबांनी असं भाषण केलं की त्यांच्या सगळ्या वकिलीत तसं झालं नसेल. मोर, पारवा, शिंपली, घासलेट, एकेक दाखला. मागे आंघोळीहून आलेली अक्का खांबाला टेकून उभी होती.

"आबा," शास्त्रीबुवा शेवटी म्हणाले, "रंग खरा की खोटा ते कुटल्यावर कळतं, असं तुम्हीच सांगत आलात. मग ही कुटून दाखवा, म्हणजे झालं."

मंडपात हशा पिकला. आबा हसले नाहीत. मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. त्यांनी गार एकदा उजेडाकडे धरून फिरवली. ही कुटली तर निकाल मिळेल पण गार राहणार नाही, आणि नाही कुटली तर गार राहील पण घरात जाणार नाही.

त्यांनी दाखल्यांसाठी बरोबर आणलेला खल पुढे ओढला. गार फरशीवर ठेवून बत्त्याचा एकच हलका घाव घातला. नशीब, तिचे दोन तुकडे झाले. एक त्यांनी कोटाच्या खिशात टाकला आणि दुसरा खलात घातला. त्या घोटण्याचा आवाज फार वाईट होता. बऱ्याच वेळाने त्यांनी तळहात पुढे केला. भुकटी पांढरी होती, पिठासारखी.

"रंग नव्हे," शास्त्रीबुवा म्हणाले. "बसवा मेरुमणी."

आबा जिंकले. पण ओरडले नाहीत. देवळातून घरापर्यंत ते माझा खांदा धरून चालले.

सोनाराने उरलेला तुकडा तांब्याच्या तारेत बसवून माळेला अडकवला. तो घेऊन आबा आत जायला निघाले आणि मला म्हणाले, "मास्तर, तुम्हीही चला. मला एकट्याला जमायचं नाही." मी त्या घराच्या माजघरात पाऊल टाकलं ते त्या दिवशी पहिल्यांदा. दुर्गा खल धुऊन पुसत होती. आबांनी माळ पुढे केली. तिने ओंजळीत घेतली आणि मागच्या दाराशी, उजेडाला, जाऊन बसली.

तिने मणी फिरवला. मग पुन्हा फिरवला. तिच्या आलवणावर हिरवा ठिपका पडला, तो तिने बोटाने धरायला पाहिलं. ती हसली. तिला हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. आबा तिच्याकडे पाहत उभे होते.

"बाबा," दुर्गाने मान वर न करता विचारलं, "आजवर कुटलंत ते सगळं असंच होतं?"

"म्हणजे गो?"

"तुमचं ओरडणं ओटीवरून ऐकू यायचं. माझ्याकडे नुसता खल यायचा. त्यात तपकिरी माती असायची, नाहीतर पांढरी. मी ती धुऊन टाकायची. ते सगळं आधी असं होतं?"

आबा तिच्यासमोर जमिनीवर बसले. आत स्वयंपाकघरात अक्का भाजी चिरत होती, विळीचा आवाज येत होता. 'रंग नव्हे' एवढं म्हणायचं होतं. इतकी वर्षं दुसरं काही ते बोललेच नव्हते, आणि आता दुसरं काही बोलले तर मिळालेला निकाल त्यांच्याच तोंडाने मोडत होता.

"मोर निळा होता, दुर्गे," आबा म्हणाले. "निळा, आणि कडेला सोनेरी. तिरपा धरला की जांभळा व्हायचा. धोंडूने आणलेला सोनकिडा हिरवागार होता, पोटाशी तांबडा. फार सुंदर होता गो. शिंपली गुलाबी होती. सगळ्यांना रंग होते. मी खोटं सांगत होतो."

विळी थांबली. आता अक्का बाहेर येणार आणि माळ काढून घेणार, असं मला वाटलं. दुर्गाने मूठ मिटली. अक्का आली नाही. आतूनच तिचा आवाज आला.

"माझा निळा होता."

"काय म्हणालीस, अक्का?"

"सोनकिडा. मी कुंकवाच्या डबीत पाळला होता. रोज पाला घालायची. मला परत आणलं त्या दिवशी आईने डबी परसात नेऊन उपडी केली."

दुर्गाने स्वयंपाकघराच्या दाराकडे वळून विचारलं, "उडाला का गं, आत्या?"

"मला कुठे बघू दिलं," अक्का म्हणाली.