ठवकर काकांच्या भाठ्यावरची आवळी

ठवकर काका माणसांना अरे-तुरे करतात आणि घोरपडीला अहो-जाहो. गंमत म्हणून नव्हे, अगदी मनापासून. सकाळी जिन्यात भेटले आणि मी "काय काका, काल काय विशेष?" असं विचारलं की गंभीर चेहऱ्यानं सांगतात, "मॅडम बाहेरच नाही आल्या काल. ढग होते न. ऊनच नाही तं कशा येतील त्या?" आणि त्याच दमात माझ्याकडे बघून, "अन तू काहून मधात उभी आहे? सरक."

मॅडम म्हणजे त्यांच्या रानातली घोरपड. मधात उभी असलेली मी म्हणजे चौबे कॉलोनीत त्यांच्या डोक्यावरच्या मजल्यावर राहणारी, विजेच्या ऑफिसात नोकरी करणारी पन्नाशीची बाई. माझं तोंडही काही लहान नाही. ऑफिसात माझ्या टेबलापुढे भलेभले आवाज खाली आणून बोलतात. त्यामुळे आमचं दोघांचं जिन्यात वाजलं की बिल्डिंगमधली दारं हळूच किलकिली होतात. माझी मुलगी आतूनच ओरडते, "मम्मी, अंकल से फिर शुरू हो गई?" तिला मराठी सगळी कळते, पण बोलायची म्हटली की तिची जीभ जड होते.

काका मूळचे गोंदियाचे. रेल्वेत गार्ड होते. मालगाडीच्या शेवटच्या डब्यात एकट्यानं बसून जन्म काढला, लग्न केलं नाही. गाडी सिग्नलला तासन्‌तास उभी राहायची तेव्हा करायला दुसरं काहीच नसायचं, म्हणून ते रुळाच्या बाजूचं रान बघत बसायचे. तीच सवय लागली. रिटायर झाल्यावर लोक फ्लॅट घेतात, काशीला जातात. काकांनी शहराबाहेर आरंगच्या बाजूला, मेन रोडपासून बरीच आत, भाठा जमीन घेतली. भाठा म्हणजे लाल मुरमाचं उंच रान. धान पिकत नाही, विहिरीला पाणी लागत नाही. पळस, तेंदू, चारोळी, बोरीची काटेरी जाळी आणि पायात घुसणारं कुसळी गवत. त्यांनी त्याला तारेचं कुंपण घातलं, एक झोपडी बांधली, आवळीच्या झाडासमोर एक खुर्ची टाकली आणि पुढं काहीच केलं नाही.

हे काहीच न करणं लोकांना सहन होत नाही. रोज कोणीतरी शहाणा त्यांना सल्ला द्यायला येतो. एकदा चांगली गाडी घेऊन एक दलाल फाटकावर आला. "अंकल, प्लॉटिंग करवा दो. लाइफ बन जाएगी."

"कोनाची?" काकांनी विचारलं.

तो हसला. काका हसले नाहीत. ते उत्तराची वाट बघत तसेच उभे राहिले. शेवटी त्या माणसानं गाडी मागं घेतली. माझ्या नवऱ्यानं एकदा प्रेमानं सुचवलं की काका, निदान चार आंबे तरी लावा, पुढं फळं मिळतील. काकांनी त्याच्याशी पुढं कित्येक महिने बोलणं टाकलं. "आंबा लावा म्हनते," मला म्हणाले. "जे लागलेलं आहे थे दिसत नाही काय त्याले?"

तिकडे जायची परवानगी सहसा कोणाला मिळत नाही. मी दोनदा गेले, दोन्हीदा शिव्या खाऊन आले. फाटकातून आत शिरलं की चप्पल आपटायची नाही, वास येणारी पावडर लावून यायचं नाही, खाली पडलेलं पीस उचलायचं नाही. मी एका रोपट्याचं नाव विचारलं तर म्हणाले, "नाव माहीत करून तुले काय आधार कार्ड काढायचं आहे त्याचं?" एवढं बघता तर कुठं लिहून का ठेवत नाही, असं विचारलं तेव्हा तर भडकलेच. "त्या कवा घरी येतात अन कवा जातात, हे मी लिहून ठेवू? मी का पोलीस आहो?"

एकदाच, या पावसाळ्यात, ते माझ्याशी हळू आवाजात बोलले. जिन्यात मला थांबवलं, आजूबाजूला कोणी नाही असं बघितलं आणि सांगितलं की आवळीच्या मावळतीकडं जे वारूळ आहे ना, ते मॅडमनी वरून उकरलं, आत अंडी घातली, आणि पुन्हा माती ओढून सगळं बुजवलं. भर पावसात. काका छत्री न उघडता खुर्चीवर बसून होते, कारण उघडली असती तर त्या दचकल्या असत्या. आता वाळवीनं ते भोक लिंपूनसुद्धा घेतलं होतं. "उन्हाळ्यापर्यंत काही दिसत नाही आता. पाहत राहायचं." त्यांना सर्दी झाली होती, आवाज बसला होता, आणि चेहरा असा होता की मला वाटलं, घरात बाळंतपण झालंय.

आता आवळीभोजनाचं सांगते. आम्ही विदर्भातून आलेली मराठी घरं दर कार्तिकात आवळीच्या झाडाखाली एकत्र जेवतो. घरून स्वयंपाक न्यायचा, झाडाची पूजा करायची, पंगत बसवायची. इथल्या छत्तीसगढी बायकाही आवळा नवमीला हेच करतात, त्यामुळे त्या दिवशी शहरात आवळीच्या झाडांची मारामार असते. आम्ही ज्या बागेत जायचो तिथली आवळी यंदा पार्किंगसाठी तोडली. आमच्यातली सगळी व्यवस्था बघणारे मुकुंदराव हवालदिल झाले. कोणीतरी म्हणालं, ठवकरांच्या रानात आवळी आहे. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी भांडायच्या तयारीनंच खाली गेले. काकांनी ऐकून घेतलं. बराच वेळ नखानं टेबलावरचा मेणचट डाग खरवडत राहिले. मग म्हणाले, "लहान पोट्टेपन येतात काय?"

"येतात ना. सगळीच येतात."

"या मंग. झाडाच्या उगवतीकडं बसा. मावळतीकडं जायचं नाही. भोंगा नाही, प्लास्टिक नाही."

मी हे सगळं मुकुंदरावांना शब्दाशब्दानं सांगितलं. मुकुंदराव माणूस वाईट नाही. फक्त त्यांना कोणतीही गोष्ट आहे तशी ठेवता येत नाही. त्यांच्या घरी फ्रिजलासुद्धा कव्हर आहे. काका त्या आठवड्यात रानातल्या झोपडीतच मुक्कामाला होते. आदल्या दिवशी ते कसल्याशा कामाला शहरात आले, तेवढ्यात यांनी तयारी म्हणून एक मिस्त्री आणि मजूर पाठवले. गवत साफ केलं. आवळीच्या बुंध्याला गेरू-चुना फासला. तिच्याभोवती विटा-सिमेंटचा गोल ओटा बांधला, पूजेला बरा पडतो म्हणून. आणि मावळतीकडचं वारूळ कुदळीनं फोडलं. वारूळ म्हणजे साप, आणि लेडीज लोक येणार, पोट्टे येणार.

आम्ही सकाळी पोचलो तेव्हा फाटकाला कुलूप होतं आणि आत काका उभे होते. मोटारी, स्कूटर, कढया, डबे, माझ्या सासूबाईंची खुर्ची, असा सगळा लवाजमा रस्त्यावर. मी काकांना रागावलेलं शेकडो वेळा पाहिलं आहे. हे ते नव्हतं.

"वारूळ कोनं फोडलं?" ते ओरडले. "थे सांगा पहिले. तोपर्यंत एकही जन आत येनार नाही."

मला तेव्हा काही ठाऊक नव्हतं. मुकुंदराव माझ्या शेजारीच उभे होते, हातात मसालेभाताची कढई. त्यांनी कढईत बघितलं. काकांनी पुन्हा विचारलं, पुन्हा विचारलं, आवाज चढत गेला, एक बाळ रडायला लागलं. सासूबाई म्हणाल्या, "चला गं, येवढा अपमान करून घ्यायले आलो काय आपन?" आणि धडाधड गाड्यांची दारं लागली. मुकुंदरावांनी फोन फिरवले. शंकर नगरात कोणाच्या तरी ओळखीचं लॉन मिळालं. तिथं आवळी नव्हती, पण वाटेत नर्सरीतून कुंडीतली घेता येईल, असं ठरलं.

निघता निघता त्यांनी मला बाजूला घेऊन मिस्त्रीचं सगळं सांगितलं. वर म्हणाले, "मी चांगल्यासाठीच केलं, ताई." माझं डोकं फिरलं. त्यांच्यावर फिरलंच, पण काकांवर जास्त फिरलं. म्हाताऱ्याकोताऱ्यांना उन्हात उभं करून कोणी ओरडतं का? मुलीला आणि सासूबाईंना गाडीत बसवून दिलं. मी माझी स्कूटर तिथंच ठेवली आणि काकांना चार शब्द सुनवायच्या इराद्यानं तारेतून वाकून आत घुसले. साडी अडकली, फाटली, त्याचाही राग काकांच्याच खात्यावर टाकला.

काका फुटलेल्या वारुळापाशी उकिडवे बसले होते. एका हातात उघडी छत्री, ती स्वतःवर नव्हे, समोरच्या खड्ड्यावर धरलेली. स्वतःचं टक्कल उन्हात तापून लाल झालं होतं.

"काका, हे काय करून राहिले तुम्ही?"

"दिसत नाही काय? ऊन लागते त्याईले."

खड्ड्यात मातीच्या ढेकळांमध्ये पांढरी लांबट अंडी होती. एक फुटलेलं. तेवढ्या भागावर मुंग्या लागल्या होत्या.

"झाकू काय गं?" काका म्हणाले. "आपला हात लागला तं चालते काय त्याईले?"

त्यांनी मला आजवर हुकूम सोडले आहेत, शिव्या दिल्या आहेत. प्रश्न कधी विचारला नव्हता. मला यातलं ओ की ठो कळत नाही. मी म्हटलं, "झाका काका. उघडं राहण्यापेक्षा बरं." मी पुढं झाले तर खेकसले, "तू नको. तुह्या हाताले साबनाचा वास येते." तेवढं ऐकून मला जरा बरं वाटलं. त्यांनी एकेक ढेकूळ फोडून माती त्या अंड्यांवर अशी सोडली की एकही जागचं हललं नाही. मग म्हणाले, "पानी आन. वरची माती थोडीशी भिजवा लागते. झोपडीत माठ आहे."

झोपडीत एकच माठ नव्हता, कितीतरी कोरे करकरीत माठ ओळीनं भरून ठेवले होते. त्यांच्यापुढं स्टीलचे पेले, गोल बाजारातल्या दुकानाचं लेबल अजून तसंच. आदल्या दिवशी ते शहरात कशाला आले होते ते मला तिथं कळलं. आणि कोपऱ्यात ओल्या पोत्याखाली काहीतरी झाकलेलं होतं. मी पोतं उचललं. पळसाच्या पानांच्या पत्रावळी, काड्यांनी टाचलेल्या, थप्प्यांवर थप्प्या. खालच्या वेड्यावाकड्या होत्या, हात बसत गेला तशा वरच्या नीट झालेल्या. शेजारी एक वेगळी थप्पी होती, लहान लहान पत्रावळींची.

मी पाणी घेऊन गेले. माझ्या स्वभावाप्रमाणे मला रागच आला. "एवढं सगळं करून ठेवलं होतं, तर लोकांना फाटकावरून हाकललं कशाला?"

"मी कवा हाकललं?" काका म्हणाले. ते खरोखरच गोंधळले होते. "मी जा म्हटलं काय कोनाले? कोनं फोडलं थे सांगा म्हटलं. कोनी सांगितलं असतं तं रागावलो असतो अन कुलूप काढलं असतं. तं सगळे गाडीतच जाऊन बसले."

मला कढईत बघणारे मुकुंदराव दिसले. दोन शब्द होते, 'मी' आणि 'चुकलो', तेही धड बोलता आले नाहीत. अन मीही तिथंच त्यांना पकडून आणायचं सोडून तारेतून घुसले होते.

"अन त्या लहान पत्रावळी?"

"पोट्ट्याईच्या. मोठ्या पानात वाढलं तं टाकून देतेत थे." त्यांनी ओंजळीतलं पाणी मातीवर शिंपडलं. "लहान पोट्टे इथं कोनी येतच नाही."

मी झोपडीच्या मागं गेले आणि मुकुंदरावांना फोन लावला. पंगत बसत होती म्हणे. मी जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. सारांश एवढाच की सगळ्यांनी आहे तसं उचलून परत या, आणि फाटकावर सगळ्यांत पुढं तुम्ही उभे राहा. ते म्हणाले, "ताई, आता इथं सगळी व्यवस्था झाली आहे." मी म्हटलं, "कुंडीखाली?" त्यांनी फोन ठेवून दिला. पुन्हा लावला तर उचलेनात.

परत आले तेव्हा काका पत्रावळींची थप्पी बाहेर घेऊन आले होते. आवळीच्या उगवतीकडं, ओट्यापासून लांब, खाली बसून तळाच्या वाकड्या पत्रावळी वेगळ्या काढत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "कोनाशी भांडून राहिली होती?"

"मुकुंदरावांशी."

"येतात काय थे?"

"येऊन राहिले," मी म्हणाले, फाटकाची किल्ली मागून घेतली आणि शंकर नगरातून सगळ्यांना उठवून आणायला स्कूटर काढली.