पानी आयला काय?

"शिंदे, मंत्र्याची ती फीत घाल चुलीत! पानी आयला काय?"

परकारभाई फोनवर होते. फोन ही नुसती औपचारिकता. त्या आवाजाला तारेची गरज नव्हती. मनामा शहरातल्या आमच्या ऑफिसातून ते ओरडले की मुहर्रकच्या विमानतळावर उतरणारं विमान बिचकून आणखी एक घिरटी घ्यायचं.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. आमची कंपनी बहारीनमध्ये बसून गरीब देशांची सरकारी कामं सांभाळायची. विहिरी, दवाखाने, शाळा. रत्नागिरीकडचे परकारभाई आमचे मॅनेजर. काम पूर्ण झाल्याच्या कागदावर सही त्यांची, आणि उद्घाटनाला भुलून ती त्यांनी कधी दिली नाही. ईसा टाउनला आमच्या घरी माझ्या मुलीच्या वाढदिवसाला केक कापला, सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. हे हाताची घडी घालून उभे. "वाटला काय?" शेवटच्या पाहुण्याच्या तोंडात तुकडा गेल्यावर यांनी एकट्याने टाळ्या वाजवल्या.

तर तिकडे, तांबड्या समुद्रापलीकडे आफ्रिकेत, आमच्या कंपनीच्या शिंदेंच्या साइटवर हातपंपाचं उद्घाटन थाटात झालं होतं. मंत्र्यांच्या ओंजळीत पडलं ते पाणी मात्र मागे दडवलेल्या टँकरचं. पंपातलं चामड्याचं वायसर फाटलेलं. पंपाला मंजुरी होती, जादा वायसरला नव्हती.

"सही करा," आमचे इंग्रज साहेब म्हणाले. "गुरुवारी कागद गेला नाही तर पुढचं काम गेलं. मग तुमचा व्हिसा तरी मी कशाला ठेवू?"

"इंशाल्ला," परकारभाई म्हणाले. म्हणजे नाही.

त्यांनी कमरेचा पट्टा सोडला, माझ्याच टेबलावर ब्लेडने त्याची सहा वायसरं कापली आणि तिकडे निघालेल्या एका प्रवाशाच्या खिशात कोंबली. पुढचे चार दिवस साहेबांसमोर एका हाताने पँट धरून उभे.

"अहो, दुसरा पट्टा घ्या की!"

"पानी आयला की घेईन."

गुरुवारी दुपारी टेलेक्स खडखडला. शिंदेंनी कळवलं होतं: पाणी आलं. बायकांची रांग लागली. त्याच पाण्याचा चहा झाला.

"खलास!" परकारभाईंनी दोन्ही हात वर करून आरोळी ठोकली. पँटीचं काय झालं ते मी लिहीत नाही. मग त्यांनी सही केली.

संध्याकाळी मी विचारलं, "परकारभाई, एका पंपापायी नोकरी पणाला लावलीत?"

टेलेक्सचा कागद घडी करून खिशात ठेवत ते म्हणाले, "आमच्या गावच्या नळाचं उद्घाटन झालं, तेव्हा स्वागतगीत मीच म्हटलेलं. चौथीत होतो. अम्मा अजून विहिरीवर जाते."