समुद्राचा एक थेंब

यंदाच्या वादळात समुद्राचा एक थेंब जरी आपल्या बोटीत शिरला, तरी बोट विकून मुकाट्याने जमिनीवर राहायला जाईन, असं लिफ्टवाल्या काकांनी धक्क्यावरच्या सगळ्यांना चहा पाजून जाहीर केलं होतं. चहा फुकटचा होता, म्हणून लोकांनी टाळ्याही वाजवल्या. पण त्या घोळक्यात काकांची लेक उभी होती आणि ती पडली दातांची डॉक्टर. कुणी तोंड उघडलं की त्यात भोक कुठे आहे ते शोधायचं, हा तिचा धंदाच.

"ठरलं बाबा," ती म्हणाली. "एक थेंब आला की तुम्ही दोघं माझ्याकडे."

काकांनी उभा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवला होता. नोकरीभर वर-खाली केलं, आता जरा डावी-उजवीकडे हेलकावे खाऊ, असं म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी ही जुनी लाकडी बोट घेतली आणि काकूंना घेऊन तिच्यावर संसार थाटला. पुढे स्वयंपाकघर, मागे झोपायची खोली आणि मध्ये इतकी चिंचोळी वाट, की दोघं समोरासमोर आली तर एकाला उलट पावली मागे जावं लागे. मागे जाणारे बहुतेक वेळा काकाच असत.

काकूंची बोटीबद्दल रोज नवी तक्रार असे. कपाटाचं दार आपोआप उघडतं, साखर ओली होते, खिडकी पुसून हात वाळत नाही तोवर काचेवर पुन्हा मीठ! त्यामुळे काकांनी मनाशी पक्कं धरलं होतं, की हिने लेकीच्या फ्लॅटमधली खोली मनातल्या मनात लावूनसुद्धा ठेवली असणार. तिला सरळ विचारायची हिंमत मात्र त्यांना झाली नव्हती. विचारलं आणि ती हो म्हणाली तर काय करायचं?

वादळाची सूचना आली तसे काका कामाला लागले. दोरखंड दुहेरी केले, दारांच्या फटी बुजवल्या, पिण्याच्या पाण्याची टाकी काठोकाठ भरून घेतली. आणि हातात पाना आहेच, तर कशाला कसर ठेवा, म्हणून बोटीतल्या प्रत्येक पाइपाच्या जोडावरची पट्टी आणखी एकेक आटा आवळली. आपल्या हातची लिफ्ट कधी पडली नाही, तिथे बोट काय बुडते, असं ते पुन:पुन्हा म्हणत होते. काकूंनी त्यांना थोडं तोंडही आवळून घ्यायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी वादळ आलं. बोट हट्टाला पेटलेल्या पोरासारखी दोरखंडाला हिसके देऊ लागली. जेवणं झाली, काकूंनी भांडी घासली आणि त्या मागच्या खोलीत विणकाम घेऊन बसल्या. काकांनी सहज म्हणून स्वयंपाकघरातली जमिनीची एक फळी उचलली. खाली, बोटीच्या तळात, पाणी होतं!

पाणी चांगलं फेसाळलेलं होतं. समुद्राचं आहे की कसं, म्हणून काकांनी ओंजळीत घेऊन चाखलं, तर ते कडू लागलं. लोक बंदरात हवं ते सोडतात, त्यामुळे समुद्राची चव बिघडली असणार, असा निष्कर्ष काढून त्यांनी तोंड वेडंवाकडं करत ते गिळलं.

तळातलं पाणी उपसायला पंप होता, पण सुरू झाला की तो म्हाताऱ्या मोटारसायकलसारखा फटफटायचा. सगळ्या धक्क्याला कळलं असतं, काकूंना तर आधी. पाणी चढलं की तो आपोआप सुरू व्हायचा, म्हणून काकांनी त्याची वायरच काढून टाकली आणि बादली घेतली. पण बादली ओतायची कुठे? बाहेरचं दार उघडावं तर पाऊस आत येणार आणि काकू बाहेर. शेवटी त्यांनी ती भांड्यांच्या सिंकमध्येच रिकामी केली, आणि ओतल्याचा आवाज ऐकू जाऊ नये म्हणून वरून नळ सोडून ठेवला.

"काय करताय हो?" मागून काकूंचा आवाज आला.

"हात धुतोय."

बऱ्याच बादल्या झाल्यावर काका दोरखंड बघायला वर गेले. चिंब भिजून खाली आले, तर नळ धो धो वाहत होता आणि काकू सिंकपाशी उभ्या होत्या. त्याही हातच धूत होत्या म्हणे. काका वर गेले की काकूंचे हात खराब होत, काकू मागे गेल्या की काकांचे. त्या दुपारी त्या बोटीत जितके हात धुतले गेले, तितके लेकीच्या दवाखान्यात महिन्याभरात धुतले जात नसतील.

आणि पाणी काही केल्या कमी होईना. उलट जितकं उपसावं तितकं वाढत चाललं. काकांचे खांदे भरून आले, त्याहून जास्त मन भरून आलं. सकाळी वर बसून दोघांनी न बोलता चहा प्यायचा, हे त्यांना उभ्या आयुष्यात इथेच पहिल्यांदा मिळालं होतं. ते सगळं आता संध्याकाळपर्यंतच, कारण लेकीचा निघाल्याचा फोन येऊन गेला होता.

तेवढ्यात पाणी फळ्यांवर आलं. मागच्या खोलीतून काकूंची चप्पल तरंगत स्वयंपाकघरात आली आणि तिच्या पाठोपाठ मोठं पातेलं घेतलेल्या काकू आल्या. काका बादली लपवायला गेले, पण लपवणार कुठे?

"पातेलं कशाला?" त्यांनी विचारलं.

"बादली तुमच्याकडे होती ना. मी केव्हाची मागची फळी उचलून उपसतेय."

"आणि मला बोलली नाहीस?"

"तुम्ही पडलात शब्दाचे पक्के. पाणी दिसलं असतं तर उद्याच बोट विकून मोकळे झाला असता."

काकांना धक्काच बसला. "पण तुला तर लेकीकडे जायचंय. रोज तक्रार करतेस."

"अहो, जे घर सोडायचं असतं त्याच्या कपाटाचं दार कुणी दुरुस्त करून मागतं का?"

काकांना एकदम इतकं बरं वाटलं, की घोट्यापर्यंत पाण्यात उभं आहोत हेही ते विसरले. मग दोघांनी मिळून दुप्पट जोराने उपसायला घेतलं. इतक्यात सवयीने सोडलेला नळ खोकला, दोनदा थुंकला आणि बंद पडला.

"टाकी संपली," काकू म्हणाल्या.

"काठोकाठ भरलेली टाकी?" काका म्हणाले, आणि दारात लेक उभी राहिली.

ती तशीच पाण्यात उतरली. वाकून पाण्याचा वास घेतला आणि समुद्राला लिंबाच्या साबणाचा वास कधीपासून यायला लागला, असं विचारलं. मग दवाखान्यातला दिवा कपाळाला बांधला, सिंकखालचं दार उघडलं आणि आत डोकं घालून "हं" म्हणाली. ते ऐकून काकांची दाढ ठणकली.

सिंकचा पाइप सुटून लोंबत होता. आवळून आवळून त्याची पट्टी तुटली होती. म्हणजे भांड्यांचं पाणी थेट तळात, तळातलं उपसून सिंकमध्ये, सिंकमधून पुन्हा तळात, आणि वर नळाची भर. आईबापांनी मिळून दुपारभरात पिण्याच्या पाण्याची अख्खी टाकी स्वतःच्या घरात ओतली होती!

"आणि पंप का नाही चालला?" लेकीने विचारलं.

काका छताकडे बघू लागले. "मी त्याची वायर काढायला गेले होते," काकू म्हणाल्या, "पण ती आधीच कुणीतरी काढली होती."

लेक ओल्या पायरीवर बसून पोट धरून हसली. मग वायर जोडली, पंप फटफटला आणि बघता बघता तळ दिसायला लागला. समुद्राचा एक थेंबही आलेला नाही, तेव्हा बोट तुमचीच, असं तिने कबूल केलं. काकूंनी चटकन तोंड फिरवलं आणि स्वच्छ असलेली खिडकी पुसायला घेतली. काकांनी छाती पुढे काढून विजयाचा चहा मागितला. पण चहाला घोटभरही पाणी नव्हतं आणि गाद्यांचा लगदा झाला होता. तेव्हा चार दिवस का होईना, लेकीकडे जाणं भागच होतं.

पाऊस ओसरला होता. ओली गाठोडी घेऊन तिघं धक्क्यावरून निघाले, तर शेजारच्या बोटीवरचा वेल्डर आडवा आला. "काय काका, शिरलं का शेवटी पाणी?"

काकांनी लेकीकडे गयावया करत पाहिलं आणि लांब सुस्कारा सोडला. "शिरलं बाबा. समुद्रापुढे कुणाचं चाललंय? काय लाट होती म्हणून सांगू."

"छपरावरून गेली," काकू म्हणाल्या.

वेल्डर हळहळला. मग जवळ येऊन म्हणाला, "मग विकणार म्हणा की. माझा मेहुणा कधीचा मागे लागलाय. रोख देईल, आत्ता बोलावतो." आणि त्याने फोन काढलासुद्धा.

काकांनी बोटीकडे पाहिलं. काकूंकडे पाहिलं. काकूंनी त्यांच्या हातातलं गाठोडं काढून घेतलं आणि सांगून टाका, अशी मान हलवली. वादळाने काय केलं ते बघायला बाहेर पडलेला सगळा धक्का एव्हाना भोवती गोळा झाला होता.

"फोन ठेव," काका पडेल आवाजात म्हणाले. "भांडी घासल्याचं पाणी होतं ते."