नाना मास्तरांची एकसर जोडणी

नाना मास्तरांच्या घरी दिवा लागलाय की नाही, हे बघायला कंदील न्यावा लागे.

बुऱ्हाणपूरच्या लालबागेत आमच्या गल्लीत वीज आली तेव्हा देशात संस्थानं विलीन होत होती. चौकात रोज कुणीतरी एकीवर भाषण ठोकायचं आणि खाली उतरलं की शेजाऱ्याशी नालीवरून भांडायचं. ती भाषणं मनावर घेणारा अख्ख्या गावात एकच माणूस निघाला, तो म्हणजे आमच्या समोर राहणारे, शाळेत विज्ञान शिकवणारे नाना मास्तर. त्यांनी घरातले सगळे दिवे स्वतःच्या हातानं एकसर जोडले.

"समांतर जोडणीत ज्याले त्याले आपापली वाट," नाना समजावत. "एक विझला तरी बाकीचे मजेत जळतात. ही काय माणुसकी झाली? एकसरमध्ये वाट एकच. वीज याच्यातून त्याच्यात, त्याच्यातून पुढे. एक गेला की सब गेले. याले म्हणतात एकी!"

ही एकी फार मंद जळायची. विजेचा जोर चार दिव्यांत वाटला जायचा, त्यामुळे एकालाही धड पुरत नसे. शिवाय नानांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, स्वयंपाकघरातला दिवा मालवला की ओसरीवर जेवणारा पाहुणा घास हातात धरून अंधारात. मी स्वतः एकदा त्या अंधारात ताक समजून हात धुवायचं पाणी प्यायलोय.

चारातला चौथा दिवा भिंतीपलीकडे होता, बापूंकडे. बापू हे नानांचे धाकटे भाऊ. केळीच्या बागेत आधी पाणी कुणी घ्यायचं यावरून दोघं भांडले, घराच्या मधोमध भिंत उठली आणि बोलणं बंद झालं. बायको गेल्यापासून बापू एकटेच राहत. दोन्ही घरांत मिळून विजेची जोडणी एकच मिळाली, तेव्हा तार ओढायला बापूंनी होकार दिला तोही काकूंमार्फत. बापू बटण बंद करून कामासाठी खकनारला मुक्कामी गेले, की नानांचं घर अंधारात.

शेवटी वैतागून काकूंनी वायरमन बोलावला. संध्याकाळ झाली होती, दिवे नुकतेच लागले होते. गंमत बघायला मीही गेलो, तर नाना शिडी अडवून उभे.

"मास्तर, समांतर करून देतो," वायरमन म्हणाला. "बाजूवाल्यानं बत्ती बंद केली तरी तुमची चालू."

"तेच तर नको!" नाना ओरडले आणि मग त्यांचा आवाज एकदम उतरला. "बापू एकटा आहे रे तिकडे. आम्ही बोलत नाही. सांजेले माझा दिवा लागला की समजते मले, त्यानं बटण दाबलं, बरा आहे तो. तू तोडलं तर कसं समजीन?"

काकूंनी डोळ्यांना पदर लावला. माझं हसू कुठच्या कुठे गेलं.

"मी आधी तिकडेच गेलो होतो," वायरमन पिशवी आवरत म्हणाला. "त्यांनीबी तारेले हात लावू दिला नाही. म्हणे, नाना आहे का नाही, मले कसं मालूम पडणार?"

नाना शिडीपासून बाजूला झाले. भिंतीजवळ गेले, बटण बंद केलं आणि पुन्हा लावलं. भिंतीच्या दोन्ही बाजूंना अंधार होऊन उजेड आला.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग आमच्यापैकी कुणीही हात न लावता दिवे गेले, आणि परत आले.

"चहा टाक," नाना काकूंना म्हणाले. "एक कप जास्त."

आणि चप्पल न घालताच ते घराबाहेर पडले.